आधी सोबर, मग किलोमीटर: व्यसनातून उठलेल्या माणसाची पहिली मॅरेथॉन

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन दोन-तीन महिने झाले की व्यसन सोडलेल्यांच्या मीटिंगनंतर चहाच्या टपरीवर कुणी ना कुणी हळूच विचारतो, "मीपण मॅरेथॉन पळू का?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर नवी तरतरी असते. कित्येक वर्षांनी सकाळी हात थरथरत नाहीत, सणसणून भूक लागते, जिना चढताना धाप कमी लागते. माझं उत्तर ठरलेलं आहे: जरूर पळा, पण बेचाळीस किलोमीटर यंदा नको.

मला दारू सोडून, म्हणजे सोबर होऊन, अकरा वर्षं झाली. पहिली पूर्ण मॅरेथॉन मी तिसऱ्या वर्षी पळालो. त्या काळात माझं काय चुकलं, काय जमलं आणि सोबत धावणाऱ्या मित्रांकडून काय शिकलो, ते इथे क्रमाने लिहितो आहे. व्यसन दारूचं असो, गुटख्याचं, गर्दचं (ब्राउन शुगरचं) की झोपेच्या गोळ्यांचं, क्रम साधारण हाच राहतो.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. धावणं हा व्यसनावरचा उपचार नाही. डॉक्टर, समुपदेशक, औषधं, मीटिंग, फॉलोअप हा उपचार. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या हजारो घरांनी हा रस्ता पाहिला आहे. त्या रस्त्यात धावणं पुष्कळ मदत करतं: झोप सुधारते, मन हलकं होतं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे व्यसन सुटल्यावर दिवसात जे भलंमोठं भोक पडतं, ते काही अंशी भरतं. पण धावण्यासाठी उपचार बाजूला ठेवला, तर पाय मजबूत होतात आणि माणूस घसरतो. असे दोन मित्र मी जवळून पाहिले आहेत.

आधी डॉक्टर, मग बूट

दारू नुकतीच थांबवली असेल तर पळायचा विचारसुद्धा करू नका. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने अचानक दारू थांबवली तर शेवटच्या घोटानंतर सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत भास, भ्रम, प्रचंड घाम, वाढलेली नाडी असं जिवावर बेतू शकणारं आजारपण येऊ शकतं. हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढायचे. "घाम गाळला की दारू उतरते" हे आपल्याकडे फार लोक मानतात. दारूचा निचरा मुख्यतः यकृत करतं आणि ते आपल्या गतीनेच करतं. घामावाटे जाते ती अगदी किरकोळ. अंगात दारू असताना किंवा ती उतरत असताना धावलं तर पाणी कमी पडून हृदयावर ताण येतो.

प्रकृती स्थिरावली की डॉक्टरांना सरळ सांगा, "मला हळूहळू धावायला सुरुवात करायची आहे, चालेल का?" किती वर्षं, काय आणि किती घेत होतो हे खरं सांगा. इथे लाज धरून काहीच मिळत नाही. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, यकृताच्या चाचण्या आणि ईसीजी तर व्हावाच. पिणं अनेक वर्षांचं आणि जबर असेल तर हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टूडी इको, करावी का हेही विचारा, कारण दीर्घकाळ दारू प्यायल्याने हृदयाचा स्नायू कमजोर झालेला असू शकतो आणि ते आरशात दिसत नाही.

तळपायांबद्दल वेगळं विचारा. बरीच वर्षं पिणाऱ्या अनेकांच्या पायांच्या नसा दुबळ्या होतात. मुंग्या येतात, तळव्याला नीट कळत नाही. अशा पायाला फोड आला तरी समजत नाही आणि धावता धावता तो चिघळतो. माझ्या डाव्या अंगठ्याची जाण पूर्ण परत यायला वर्ष गेलं. तोवर रोज रात्री पत्नी बॅटरी लावून माझे तळवे तपासायची.

औषधांचंही बोलून घ्या. दारूवर चीड आणणारी डायसल्फिराम ही गोळी चालू असेल तर अल्कोहोल असलेली खोकल्याची औषधं आणि टॉनिकंसुद्धा टाळावी लागतात. म्हणून शर्यतीत कुणी प्रेमाने पुढे केलेलं कुठलंही 'एनर्जी'चं टॉनिक घ्यायचं नाही. लिथियम हे मनाच्या टोकाच्या चढ-उतारांवरचं औषध घेणाऱ्यांच्या अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं औषधाचं प्रमाण धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतं, त्यामुळे लांब अंतर आणि उन्हाळा यांविषयी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्रोप्रानोलॉलसारखी गोळी नाडी दाबून ठेवते, मग मनगटावरच्या घड्याळातले नाडीचे आकडे तुमचा खरा ताण दाखवत नाहीत. आणि गर्द-अफूची तलफ रोखणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनवर असलेल्या मित्रांना हात जोडून सांगतो, "आता मी खेळाडू झालो" म्हणून ती गोळी मनानेच बंद करू नका.

पहिले तीन महिने: संध्याकाळी चाला

धावणारे सगळे तुम्हाला पहाटे उठायला सांगतील. पहिले तीन महिने त्यांचं ऐकू नका. ज्या वेळी तुमचे पाय आपोआप गुत्त्याकडे, बारकडे किंवा टपरीकडे वळायचे, त्या वेळी चालायला बाहेर पडा. माझी वेळ सव्वासातची होती. ऑफिस सुटलं, बस आली, आणि स्टॉपपासून घरापर्यंतच्या बाराशे पावलांत माझं रोजचं मरण होतं. पहाटे पाचला पाच किलोमीटर चाललो तरी संध्याकाळचे सव्वासात तिथेच उभे राहायचे. मग मी बूट ऑफिसातच ठेवायला लागलो. पुढच्या स्टॉपला उतरून उलट दिशेने चालत घरी यायचो, तोवर आठ वाजलेले असायचे. तलफ लाटेसारखी येते आणि बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात ओसरते. चालायला बरोबर तेवढाच वेळ लागतो.

रस्ता नकाशावर आखा आणि आधी तो दिवसाउजेडी कुणाबरोबर तरी चालून पाहा. जुना अड्डा, उधारीचं दुकान, जुने दोस्त उभे राहतात तो कोपरा, हे सगळं रस्त्यातून वगळा, मग अर्धा किलोमीटर लांबून जावं लागलं तरी चालेल. खिशात चहापुरते पैसे. फोनमधून पैसे देण्याची सोय असेल तर पहिले काही महिने त्या ॲपची चावी घरच्यांकडे ठेवा. पगाराच्या दिवशी एकट्याने जायचंच नाही.

आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास. वेग इतकाच की बाजूच्याशी गप्पा मारता याव्यात. पुण्यात तळजाईची टेकडी, कोल्हापुरात रंकाळा, मुंबईत शिवाजी पार्क किंवा मरीन ड्राइव्ह, नागपुरात अंबाझरी, अशी वर्दळीची, उजेडाची जागा निवडा. नागपूर-अकोल्याकडच्या मित्रांनी मार्च ते जून वेळ सांभाळावी. तिथलं ऊन पट्टीच्या धावपटूलाही आडवं करतं.

तंबाखूवाल्यांसाठी दोन शब्द. पुडी किंवा मशेरी सोडल्यावर तोंडाला काहीतरी हवंच असतं. चालताना लवंग, बडीशेप, आवळ्याची सुपारी जवळ ठेवा. सुगंधी सुपारी मात्र नको, ती गुटख्याच्या दारातच नेऊन सोडते.

मग एक मिनिट धावा

तीन महिने नेमाने चालणं झालं आणि डॉक्टरांचा होकार असेल तर धावायला सुरुवात करा. पाच मिनिटं चालायचं, मग एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. शेवटी पाच मिनिटं पुन्हा चालणं. आठवड्यातून तीनच दिवस, आणि दोन धावण्यांच्या मध्ये एक दिवस मोकळा. दोन आठवडे हे सहज जमलं की दोन मिनिटं धावा, दोन मिनिटं चाला. पुढे तीन-एक, पाच-एक. साधारण दहा ते बारा आठवड्यांत बहुतेकांना अर्धा तास सलग धावता येतं. कुणाला सोळा लागतात. लागू द्यात.

परीक्षा एकच: धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. एकेक शब्द तुटत असेल तर वेग जास्त आहे. एकटे असाल तर प्रार्थना म्हणून बघा, मी तेच करतो.

आपल्यासारख्यांची खोड इथेच डोकं वर काढते. एक पेग पुरला नाही, तसा एक किलोमीटरही पुरत नाही. तिसऱ्या आठवड्यात वाटायला लागतं, आज जमतंय तर दहा करूनच टाकू. मी तेच केलं, नडगीचं हाड दुखावून बसलो आणि सहा आठवडे घरात. ते सहा आठवडे माझ्या सोबर आयुष्यातले सगळ्यात अवघड होते, कारण सव्वासातची वेळ पुन्हा मोकळी झाली होती. तेव्हापासून नियम केला: लांब धावण्याचं अंतर आठवड्याला एक-दोन किलोमीटरनेच वाढवायचं आणि दर चौथ्या आठवड्यात कमी करायचं. शिवाय दुखापत झालीच तर त्या वेळी काय करायचं हे आजच कागदावर लिहून ठेवा. पोहणं, सायकल, केंद्रात जाऊन नव्या मित्रांशी बोलणं, काहीही चालेल, पण त्या वेळेला नाव दिलेलं हवं.

मीटिंग आणि सराव यांची टक्कर

रविवारी सकाळी लांब धावणं असतं आणि बऱ्याच ठिकाणी मीटिंगही रविवारीच असते. दुसऱ्या वर्षी मी तीन रविवार मीटिंग चुकवली. सोळा किलोमीटर, अठरा, वीस, आकडे वाढत होते आणि मी खूश होतो. चौथ्या आठवड्यात माझे स्पॉन्सर, म्हणजे माझ्या आधी व्यसन सोडून आता मला वाट दाखवणारे अनुभवी सोबती, आम्ही त्यांना दादा म्हणतो, घरी आले. बायकोने चहा ठेवला. दादांनी माझ्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पळायला जातोस ते चांगलंच आहे रे. फक्त कशापासून पळतोयस तेवढं सांग."

मला उत्तर देता आलं नाही. त्या महिन्यात ऑफिसात एक प्रकरण चालू होतं, मी घरी काही बोलत नव्हतो, आणि मीटिंगमध्ये बोलावं लागेल म्हणून रस्त्यावर जात होतो. धावताना कुणी प्रश्न विचारत नाही ना.

म्हणून वेळापत्रक असं बनवा. कोऱ्या कागदावर आधी मीटिंगचे वार लिहा, मग फॉलोअपच्या तारखा, मग घरचे ठरलेले वेळ: मुलांचा अभ्यास, आईचा दवाखाना, बाजार. उरलेल्या जागेत धावणं बसवा. लांब धावणं शनिवारी होऊ शकतं, पहाटे साडेचारला सुरू करून आठच्या आत संपूही शकतं. मीटिंग हलवायची नाही.

घरच्यांचा विषय नाजूक आहे. वर्षानुवर्षं ज्यांनी रात्री दाराकडे डोळे लावून वाट पाहिली, त्यांना आता रविवारी सकाळीही वाट पाहायला लावली तर त्यांच्या दृष्टीने फरक काय पडला? "आता तो पीत नाही, पण घरी तरी कुठे असतो," हे वाक्य मी एका वहिनींच्या तोंडून ऐकलं आहे. जाताना रस्ता आणि परतण्याची वेळ सांगा, आणि ती वेळ पाळा. उशीर होणार असेल तर फोन करा. जी बाई उशिराचा अर्थ एकच जाणते, तिच्यासाठी तो फोन फार मोठा असतो. जमलं तर आठवड्यातलं एक चालणं दोघांनी मिळून करा.

बूट, खाणं, पाणी

बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. महागाचा बूट लागत नाही, पण क्रिकेटचा किंवा ऑफिसचाही चालत नाही. पैशांसाठी मी घरात एक डबा ठेवला होता. रोज जेवढे दारूत जायचे त्यातले शंभर रुपये त्यात टाकायचो. तीन महिन्यांत चांगला जोड आला आणि मुलीच्या सायकलचा निम्मा पैसाही. सुती बनियन घामाने जड होतो आणि घासतो, पातळ खेळाचा टी-शर्ट घ्या. काखा, मांड्या, स्तनाग्रं यांना व्हॅसलीन लावा. हे कुणी सांगत नाही आणि मग आंघोळीच्या वेळी कळतं.

दारू सोडल्यावर गोड खावंसं वाटतं, ते अनेकांच्या बाबतीत होतं. धावणाऱ्याला त्याचा उपयोगच होतो. खजूर, केळं, शेंगदाण्याची चिक्की, गूळ-पोळी यांवर चांगलं पळता येतं. रोजच्या जेवणात भाकरी, वरण, उसळ, अंडी, दही भरपूर असू द्या. दारूने शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व अनेकदा खूप कमी केलेलं असतं, डॉक्टरांनी त्याची गोळी दिली असेल तर कंटाळून सोडू नका.

तासापेक्षा जास्त धावणं असेल तर नुसतं पाणी ढोसू नका. घाम गळत असताना फक्त पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो, आणि तेही जिवावर बेतू शकतं. तहान लागेल तसं थोडं थोडं प्या, सोबत जलसंजीवनी ठेवा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ, वर लिंबू.

उपाशीपोटी, चिडलेले, एकटे पडलेले किंवा दमलेले असताना तलफ उचल खाते, हे आपल्याला केंद्रात शिकवलेलं असतं. लांब धावण्यानंतर यातल्या दोन गोष्टी हमखास असतात, भूक आणि थकवा. त्यामुळे घरी पोचल्यावर अर्ध्या तासाच्या आत पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. डबा आदल्या रात्रीच भरून ठेवा.

दुखण्यावरची गोळी

यावर मला थांबायचं आहे, कारण इथे माझा एक जिवलग मित्र घसरला. गर्दमधून बाहेर येऊन त्याला चार वर्षं झाली होती. गुडघा दुखायला लागला, एका दवाखान्यात त्याने जुनं काही न सांगता गोळी मागितली आणि चिठ्ठीवर ट्रॅमाडॉल आली. ती अफूच्याच कुळातली आहे हे त्याला दुसऱ्या दिवशी अंगात ओळखीची ऊब आली तेव्हा कळलं. पुढचे आठ महिने गेले.

म्हणून प्रत्येक डॉक्टरला, दातांच्यासुद्धा, पहिल्याच वाक्यात सांगा: "मी व्यसनातून बाहेर आलेलो आहे, अफूजन्य गोळी किंवा झोपेची गोळी मला देऊ नका, द्यावीच लागली तर माझ्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोला." कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही त्यात आलं. नाल्ट्रेक्सोन ही तलफ कमी करणारी गोळी चालू असेल तर अफूजन्य वेदनाशामक लागूच पडत नाहीत, हे अपघाताच्या वेळी डॉक्टरांना माहीत असायला हवं. शर्यतीच्या बिबच्या, म्हणजे छातीवर लावायच्या क्रमांकाच्या कागदाच्या, मागच्या बाजूला आपली औषधं, रक्तगट आणि घरचा नंबर स्वच्छ अक्षरात लिहा.

साधी आयब्युप्रोफेनसारखी गोळीही धावण्याआधी किंवा धावताना घेऊ नका. अंगातलं पाणी कमी असताना ती मूत्रपिंडांवर भार टाकते. यकृत आधीच थकलेलं असेल तर पॅरासिटामॉलचं प्रमाणही डॉक्टरांनाच ठरवू द्या. दुखतंय तर थांबा, बर्फ लावा, दोन दिवस चाला. जे दुखणं गोळी घेतल्याशिवाय धावू देत नाही, त्या दुखण्यावर धावायचं नाही.

दहा, एकवीस, बेचाळीस

पहिल्या वर्षात दहा किलोमीटर पुरे. आपल्या शहरात दर हिवाळ्यात एखादी तरी शर्यत असतेच. दुसऱ्या वर्षी अर्धी मॅरेथॉन, २१.१ किलोमीटर. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२पासून होते, पावसाळ्यात, यवतेश्वराच्या घाटातून. धुकं, ओला रस्ता, दोन्ही बाजूंना हिरवंगार. २०१५मध्ये डोंगरावर एकाच शर्यतीत सर्वाधिक धावपटूंचा विश्वविक्रम तिथे नोंदला गेला. फार सुंदर आहे, पण चढ खरा आहे. पहिली अर्धी मॅरेथॉन सपाटीवर करा आणि दुसरी साताऱ्याला.

पूर्ण मॅरेथॉन, ४२.१९५ किलोमीटर, किमान दोन वर्षं सोबर असल्याशिवाय करू नये असं माझं ठाम मत आहे. कुणी दीड वर्षात केली आणि उत्तम निभावली हेही मी पाहिलं आहे, पण सल्ला मागितलात तर मी दोनच सांगेन. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३पासून चालत आली आहे आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी व्हायची तिची रीत आहे. मुंबईची २००४पासून, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. तिची नोंदणी कित्येक महिने आधी होते, म्हणून अटी आणि तारखा वेळेत पाहा.

अठरा ते वीस आठवड्यांचा सराव धरा. आठवड्यात चार दिवस धावणं: दोन छोटी, एक मध्यम, एक लांब. लांब धावणं सोळापासून सुरू करून हळूहळू तीस-बत्तीसपर्यंत न्यायचं. सगळ्यात लांब धावणं शर्यतीच्या तीन आठवडे आधी, त्यानंतर अंतर उतरवत आणायचं. ते उतरते तीन आठवडे आपल्यासाठी जोखमीचे. अंगात ताकद भरलेली असते, करायला काम कमी असतं, चिडचिड होते, झोप उडते. त्या काळात आठवड्याला एक मीटिंग जास्त करा आणि दादांना किंवा ताईंना रोज फोन करा, काही सांगण्यासारखं नसलं तरीही.

सरावाच्या मध्येच घसरलात तर धावणं त्याच क्षणी थांबवा. लपवू नका. समुपदेशकाला, स्पॉन्सरला, घरी सांगा. कुणीच नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे. गर्द किंवा अफूजन्य पदार्थ सोडलेल्यांनी एक लक्षात ठेवा: इतके महिने न घेतल्याने शरीराची सवय गेलेली असते, पूर्वीचं प्रमाण आता जीव घेऊ शकतं. शर्यत पुढच्या वर्षीही असते. भरलेल्या फीसाठी, छापून आलेल्या बिबसाठी उपचार लांबवायचा नाही.

कुणासाठी पळायचं

काहींना संस्थेसाठी निधी जमवत पळायचं असतं. मुंबई मॅरेथॉनमध्ये युनायटेड वे मुंबई या संस्थेच्या माध्यमातून अनेक संस्था सहभागी होतात आणि धावपटू आपल्या आवडीच्या कामासाठी देणग्या मागतात. व्यसनमुक्तीच्या कामासाठी पळायचं असेल तर आधी त्या संस्थेशी बोला, ती अशा निधीसंकलनात आहे का, पावती कशी मिळते ते विचारा. ज्यांच्या मीटिंगविषयी मी इथे बोलतोय, त्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमससाठी मात्र निधी गोळा करायला जाऊ नका. ती संघटना आपल्या सभासदांच्या वर्गणीवरच चालते, बाहेरची देणगी घेत नाही, ही तिची परंपरा आहे.

देणगीदार आयकरात सूट मिळवून देणारी, ८०जी नावाने ओळखली जाणारी पावती मागतील, तिचा फायदा जुन्या करप्रणालीत मिळतो हे त्यांना सांगा. अमेरिकेतली मावसबहीण किंवा दुबईतला शाळासोबती पैसे पाठवायला तयार असेल तर त्यांचं नागरिकत्व विचारावं लागतं. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माणसाची देणगी स्वीकारायला संस्थेकडे परदेशी देणगीची सरकारी नोंदणी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्याचा प्रश्न वेगळा. हे संस्थेच्या कार्यालयातूनच पक्कं करून घ्या.

आपली गोष्ट जगाला सांगायची का? दोन वर्षांच्या आत नको, असं मी म्हणेन. नावासकट, फोटोसकट "मी दारू सोडली, मला पाठिंबा द्या" असं लिहिलं की पाचशे लोक टाळ्या वाजवतात, आणि पुढे पाय घसरला तर त्या पाचशेंच्या लाजेने माणूस मदत मागत नाही. मीटिंगच्या परंपरेत वर्तमानपत्रं, रेडिओ, चित्रपट अशा ठिकाणी निनावी राहण्याचा आग्रह आहे, तो या अनुभवातून आला आहे. "माझ्या एका जवळच्या माणसाला केंद्राने परत उभं केलं, त्या केंद्रासाठी पळतोय," एवढं पुरतं. तो जवळचा माणूस तुम्हीच असलात तरी वाक्य खरंच आहे.

शर्यतीचा दिवस

आदल्या रात्री झोप लागणार नाही, त्याची काळजी करू नका, त्याच्या आधीच्या रात्री झोपा. परगावी शर्यत असेल तर एकट्याने लॉजवर राहू नका. अनोळखी शहर, रिकामी खोली आणि खाली बार, यात भले भले अडकले आहेत. नातेवाईक किंवा मीटिंगमधला माणूस बघा. त्या शहरातली मीटिंग कुठे असते ते आधी शोधून ठेवा आणि शनिवारी संध्याकाळी तिथे जाऊन या.

सकाळी ओळखीचंच खायचं: केळं, ब्रेड-जॅम, चहा. सुरुवातीचे पाच किलोमीटर जाणूनबुजून सावकाश. मुंबईत अंधारात सीएसएमटीच्या समोर हजारो माणसं उभी असतात, ढोल वाजत असतात, अंगावर काटा येतो आणि पाय आपोआप सुटतात. त्यांना आवरा. जानेवारीतसुद्धा समुद्राकाठी दमट असतं आणि आठ-नऊनंतर ऊन चढतं. परतीच्या वाटेवर, पस्तीस किलोमीटरच्या पुढे, पेडर रोडच्या चढाने किती पिढ्यांचे धावपटू चालायला लावले आहेत. तिथे चालायला अजिबात हरकत नाही. मी चाललो. एका बाल्कनीतून आजींनी संत्र्याची फोड खाली टोपलीतून सोडली होती, ती खाल्ली आणि "फक्त पुढचा दिव्याचा खांब" असं म्हणत खांबामागून खांब गेलो. फक्त आजचा दिवस, हे मीटिंगमध्ये शिकलेलंच होतं.

छातीत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, गोंधळल्यासारखं होणं, थंडी वाजून काटा येणं, यातलं काहीही झालं तर जवळच्या वैद्यकीय मदत केंद्राकडे वळा आणि आपली औषधं सांगा.

रेषेच्या पलीकडे कुणीतरी तुमचं माणूस उभं हवं. ऑफिसचा किंवा धावण्याचा ग्रुप दुपारी 'सेलिब्रेट' करायला बोलावेल, आणि त्या दिवशी "आज तर एक घेच, बेचाळीस किलोमीटर पळालास!" हे वाक्य ऐकू येईलच. उत्तर आधीच तयार ठेवा. माझं आहे, "घरी पुरणपोळी केली आहे." आणि खरोखर केलेली असते.

सोमवारचं काय

शर्यतीपेक्षा मला सोमवारची जास्त काळजी वाटते. सहा महिने भिंतीवर लावलेली तारीख उलटून गेलेली असते. पाय दुखतात, पदक टेबलावर असतं, लोकांचे फोन थांबलेले असतात. सकाळी उठून धावायचं नाही, संध्याकाळी धावायचं नाही, आणि वेळ पुन्हा उघडी पडते. ज्या दोन मित्रांचा वर उल्लेख केला, त्यांतला एक पदक मिळाल्यानंतरच्या दहाव्या दिवशी प्यायला.

म्हणून त्या आठवड्याचं वेळापत्रक शर्यतीच्या आधीच लिहा. सोमवार ते बुधवार रोज संध्याकाळी, तुमच्या त्या जुन्या वेळेला, वीस-तीस मिनिटं सावकाश चालणं, घड्याळ न लावता. गुरुवारी फॉलोअप किंवा समुपदेशकाची भेट, तारीख आधीच घेतलेली. आठवड्यातून किमान तीन मीटिंग. दोन आठवडे धावायचं नाही, मग पुन्हा एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं इथून. पुढची पूर्ण मॅरेथॉन निदान सहा महिने नको. मध्ये एखाद्या शर्यतीत पाणी वाटायला उभे राहा, आणि केंद्रातून नुकत्याच आलेल्या कुणाला सोबत घेऊन जा.

माझे जुने बूट अजून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहेत. त्यांचा तळ झिजलाय, धावण्यासाठी ते आता चालत नाहीत. सव्वासात वाजले की ते घालतो, पुढच्या स्टॉपला उतरतो आणि उलट दिशेने घरी चालत येतो.